विश्रामबागवाडा : पेशव्यानंतरची दोन शतके

जुनी वास्तू दुरुस्त करायला घेतली की ती कोणत्या सालची म्हणून दुरुस्त करायची हे आधी ठरवावे लागते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याने हा प्रश्न जितका अवघड करून ठेवला आहे, तितका महाराष्ट्रातल्या फार थोड्या वास्तूंनी केला असेल. पुण्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच येते, 'दुसऱ्या बाजीरावाचा वाडा'. ते खोटे नाही. पण बाजीराव या वाड्यात राहिला तो जेमतेम दहा-अकरा वर्षे. त्यानंतर दोनशे वर्षे हा वाडा पाठशाळा होता, कॉलेज होता, हायस्कूल होता, नगरपालिका होता, टपाल कचेरी होता. एकदा तो जळाला आणि पुन्हा उभा राहिला. आज आपण पाहतो तो वाडा या सगळ्यांनी मिळून घडवलेला आहे. संवर्धन करताना यातले काय राखायचे, काय काढायचे आणि पाहायला आलेल्या माणसाला काय सांगायचे, हा या प्रकरणाचा विषय.

वाडा बांधला गेला तो काळ पेशवाईच्या उताराचा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून पळाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला, आणि मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेच्या आधाराने तो पुन्हा पुण्यात आला. शनिवारवाड्यात त्याचे मन रमत नव्हते, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तिथे १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून पडून दगावला होता. बाजीराव हा राघोबादादांचा मुलगा. नारायणरावाच्या खुनाचा ठपका बापावर होता, हे लक्षात घेतले तर त्या वास्तूची त्याला भीती वाटत असेल यात नवल नाही. कारण काहीही असो, त्याने नवे वाडे घेतले आणि बांधले. त्यातला सर्वांत देखणा विश्रामबाग. बांधकामाला सहा वर्षे लागली आणि दोन लाख रुपये खर्च आला, अशी गॅझेटियरची, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथाची, नोंद आहे. १८०७ च्या सुमारास तो राहण्याजोगा झाला.

शनिवारवाडा आणि विश्रामबाग यांची तुलना केली तर बांधकामातच राजकारण दिसते. शनिवारवाड्याला तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाज्यावर हत्तीची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे आहेत. तो सत्ता चालवणाऱ्याचा वाडा आहे. विश्रामबागला तट नाही. दर्शनी बाजूला रस्त्यावर उघडणारा कोरीव लाकडी सज्जा आहे. संरक्षणाची जबाबदारी इंग्रजांच्या तैनाती फौजेवर टाकून मोकळा झालेला पेशवा असेच घर बांधणार. मला हा वाडा महत्त्वाचा वाटतो तो आधी याच कारणाने. वसईचा तह कागदावर वाचता येतो, पण या दर्शनी भिंतीसमोर उभे राहिले की तो डोळ्यांनी पाहता येतो.

लाकूड कसे उभे आहे

पुढचे सगळे समजण्यासाठी वाड्याची बांधणी थोडी जवळून पाहिली पाहिजे. पेशवेकालीन वाडा मुळात सागवानी सांगाड्यावर उभा असतो. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर लाकडी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरलेले हस्त, त्यावर तुळई, तुळईवर ओळीने बारीक आडवे वासे, म्हणजे कड्या, आणि कड्यांवर फळ्या. वरच्या मजल्याची जमीन आणि खालच्या मजल्याची तक्तपोशी अशी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असते. मधल्या भिंती बहुतेक ठिकाणी नुसत्या भरून काढलेल्या असतात. भार खांब वाहतात. विश्रामबागमध्ये हे खांब सुरूच्या झाडाच्या आकारात घडवले आहेत. तळाशी फुगीर, वर निमुळते होत जाणारे, अंगावर पानांच्या पाकळ्या एकावर एक चढलेल्या. दोन खांबांच्या मध्ये लाकडी महिरपी आणि महिरपींच्या टोकांना केळफुलासारखे लोंबते नक्षीकाम. दरबारी दिवाणखान्यात उभे राहिले की खांबांच्या या रांगांमुळेच दालन आहे त्यापेक्षा लांब वाटते.

या बांधणीचे दोन परिणाम या वाड्याच्या नशिबी आले. भिंती भार घेत नसल्यामुळे दालने हवी तशी जोडता-तोडता येतात. दोन खांबांत फळ्या ठोकल्या की खोली तयार, फळ्या काढल्या की पुन्हा दिवाणखाना. म्हणूनच शाळेपासून नगरपालिकेपर्यंत कोणालाही हा वाडा सोयीचा पडला. दुसरा परिणाम म्हणजे आग. सांगाडाच लाकडाचा, त्यामुळे एकदा पेट घेतला की मजलेच्या मजले खाली येतात.

पाठशाळा आणि १८५२ चा सत्कार

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने पुणे सोडले, ते कायमचे. जून १८१८ मध्ये तो इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याला शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला (बिठूरला) राहिला. इकडे पुण्यात नव्या राज्यकर्त्यांपुढे नाजूक प्रश्न होता. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर शहर नाराज होणार, चालू ठेवली तर कंपनीच्या तिजोरीला कारण द्यावे लागणार. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणाने आणि दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन याच्या पुढाकाराने तोडगा निघाला. दक्षिणेतला काही पैसा संस्कृत पाठशाळेकडे वळवायचा. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी ही पाठशाळा सुरू झाली, ती विश्रामबागवाड्यात. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय शिकवले जाऊ लागले. चौकाभोवतीच्या ओसऱ्या आणि माड्या वर्ग भरवायला तयारच होत्या. पेशव्याचा विलास संपला आणि तीन-चार वर्षांत तिथे पाठांतराचे आवाज सुरू झाले.

पुढे १८३७ पासून पाठशाळेची सूत्रे थॉमस कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे मेजर कँडी. त्यांच्या काळात इंग्रजीचा प्रवेश झाला, १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन 'पूना कॉलेज' झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेतच घडले. १८६४ मध्ये कॉलेजाला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत गेले. डेक्कन कॉलेजच्या आजच्या परिसरात फिरताना विश्रामबाग कोणाच्या मनातही येत नाही. पण त्या संस्थेचे मूळ तुळशीबागेसमोरच्या या लाकडी चौकात आहे.

आता या वाड्यातल्या ज्या एका दिवसाबद्दल मला सर्वांत आस्था आहे, त्याकडे वळतो. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. शहराने विरोध केला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले. तरी शाळा वाढल्या, मुलींसाठी आणि मग अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही. या कामाची दखल घेऊन १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला आणि मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना महावस्त्र देण्यात आले. जागा होती विश्रामबागवाडा.

ज्या पेशवाईत विद्येचा मान ब्राह्मणापुरता होता, तिच्या शेवटच्या धन्याने बांधलेला हा वाडा. दक्षिणेच्या पैशावर चालणारी पाठशाळा त्यातलीच. आणि त्याच छताखाली एका माळ्याच्या मुलाचा, मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवल्याबद्दल, भर शहरासमोर सन्मान होतो. तेव्हा बाजीरावाला मरून अजून दोन वर्षेही झाली नव्हती. २८ जानेवारी १८५१ ला तो ब्रह्मावर्तात वारला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात इतकी बोलकी जागा दुसरी दाखवता येणे कठीण आहे. तरीही विश्रामबागचे नाव निघाले की गोष्ट बाजीरावाच्या चैनीची होते आणि हा दिवस तळटिपेत जातो. हे मला खटकते.

१३ मे १८७९

कॉलेज गेल्यावर वाड्यात सरकारी हायस्कूल राहिले. मग आली १८७९ ची आग. त्या रात्री पुण्यात दोन वाडे पेटले, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा. दोन्ही पेशव्यांचे, दोन्ही सरकारी वापरातले.

वेळ फार नाजूक होती. दख्खनमध्ये दुष्काळ होऊन गेला होता. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू होते आणि आगीच्या आधी दोनतीन दिवसच कोकणात त्यांच्या माणसांनी दरोडे घातले होते. मुंबईत आणि पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांना वाटले की ही आग बंडाचाच भाग आहे आणि तिच्यामागे पुण्याचे शिकलेले ब्राह्मण आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावरही संशयाची सावली पडली आणि त्याच महिन्यात त्यांची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची टपालेही पाहिली जात. चौकशीत निघाले ते वेगळेच. सरकारी पुस्तक कोठीतल्या कर्मचाऱ्याने पैशांची अफरातफर केली होती आणि हिशेब नाहीसे व्हावेत म्हणून आग लावली होती. त्याला शिक्षा झाली. बंडाशी या आगीचा संबंध नव्हता.

बुधवारवाडा गेला तो गेलाच. शनिवारवाडा त्याआधीच, १८२८ मध्ये, आत जळून गेला होता. आज तिथे तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. शुक्रवारवाडाही आगीतच संपला. पेशव्यांच्या शहरातल्या मोठ्या वाड्यांपैकी लाकडी रूपात उभा राहिला तो एकटा विश्रामबाग. त्याचाही मोठा भाग जळाला होता, पण काही भाग वाचला, आणि जळालेला भाग पुन्हा बांधण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली, नगरपालिकेने हात दिला.

या वर्गणीकडे मी फार महत्त्वाने पाहतो. पेशवाई जाऊन साठ वर्षे झाली होती. पैसे देणाऱ्या पुणेकरांपैकी पेशव्याच्या वाड्यात पेशवा पाहिलेला माणूस विरळाच असेल. त्यांच्या दृष्टीने तो पोरांच्या शाळेचा वाडा होता. माझा तर्क असा, की वाड्यात शाळा भरत नसती तर त्याच्या वाट्याला बुधवारवाड्याचीच गत आली असती. वापरात असलेली इमारत लोक उभी करतात. रिकाम्या इमारतीची जागा विकायला काढतात.

संवर्धनाच्या दृष्टीने खरी गुंतागुंत इथे सुरू होते. आजच्या वाड्यात १८०७ चे लाकूड आहे आणि १८७९ नंतरचेही आहे. त्या काळी पुण्यात त्याच पद्धतीचे वाडे बांधले जात होते, तेच हस्त, त्याच महिरपी सुतारांच्या हाताखालून जात होत्या. त्यामुळे दोन काळांचे काम नुसत्या नजरेने वेगळे काढणे अवघड. 'मूळ पेशवेकालीन रूप परत आणू' असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे, की लोकवर्गणीतून उभे राहिलेले काम तो कशात धरतो? ते नकली म्हणून काढून टाकायचे? मला तर ते या वाड्यातले सर्वांत प्रामाणिक काम वाटते, कारण ते राजाने हुकूम सोडून करवलेले नाही.

नगरपालिका आणि नंतर

१९३० मध्ये पुणे नगरपालिका या वाड्यात आली आणि १९५९ पर्यंत राहिली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हाही कारभार इथूनच चालत होता. म्हणजे नळ, गटारे, रस्ते, शाळा यांचे निर्णय सुरूच्या खांबांखाली झाले. बाजीरावाने जितकी वर्षे इथे काढली, त्याच्या जवळजवळ तिप्पट वर्षे नगरपालिकेने काढली. शिवाजीनगरच्या बाजूला नवी इमारत झाल्यावर मुख्य कारभार गेला आणि वाड्यात लहानसहान कचेऱ्या, टपाल खाते, कागदांचे गठ्ठे राहिले. वाड्याचे नाव मात्र शहराच्या कारभारात पक्के बसले. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या नावात ते आजही आहे.

कचेरी झालेल्या वाड्याचे काय होते हे पुण्यात अनेक ठिकाणी पाहायला मिळते. वीज येते तेव्हा तारा कोरीवकामावरून खिळे ठोकून नेतात. लाकडावर दर काही वर्षांनी ऑइलपेंटचा हात फिरतो आणि नक्षीच्या कडा बुजत जातात. चुन्याची भिंत फुगली की गवंडी सिमेंटचा गिलावा मारतो. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेली ओल शेजारच्या खांबाच्या बुडाशी जाते. आणि सागवान कितीही चिवट असले तरी सतत ओलीत राहिलेला बुंधा कुजतोच.

दोन हजारच्या दशकात महापालिकेने वाड्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले आणि ते टप्प्याटप्प्याने चालत आले. असे काम नेमके कशाचे असते, हे एका खांबावरून सांगतो. खांब वरून धडधाकट दिसतो, पण बुडाशी टोचणी घातली की ती वीतभर आत जाते. अख्खा खांब बदलणे सोपे आणि चुकीचे. त्याऐवजी वरच्या तुळईला टेकू देऊन भार उचलतात, कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतात, तेवढाच जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवतात आणि लाकडी खुंट्यांनी आवळतात. मग तळखड्याभोवतीची ओल आधी थांबवतात, नाहीतर दहा वर्षांत नवा तुकडाही तसाच होतो. गिलाव्यासाठी चुना आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवावा लागतो, दगडी चाकाच्या घाण्यात मळावा लागतो; गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची जुनी पद्धत आहे. हे काम निविदेच्या 'चौरस फुटाला अमुक दर' या हिशेबात नीट बसत नाही. सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराकडे असे कारागीर असतीलच असे नाही. सरकारी संवर्धनाची कामे रेंगाळतात, त्याचे एक मोठे कारण मला हेच दिसते.

विश्रामबागच्या बाबतीत घेतलेले दोन निर्णय मला योग्य वाटतात. वाड्याचे निव्वळ तिकीट लावलेले संग्रहालय केले नाही. टपाल कचेरी तळमजल्यावर चालू राहिली. रोजच्या कामाला येणारी माणसे वाड्यात शिरत राहिली. आणि 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या वाढीचे प्रदर्शन याच वास्तूत मांडले, म्हणजे गोष्ट एका राजापुरती न ठेवता शहराची केली.

जिथे माझा मतभेद आहे, ते म्हणजे वाड्याची स्वतःची गोष्ट. प्रदर्शन शहराबद्दल बोलते, वाटाड्या बाजीरावाबद्दल बोलतो, आणि मधला वाडा गप्प राहतो. पाठशाळेचा, सत्काराचा, आगीचा, वर्गणीचा आणि नगरपालिकेचा वाडा जागच्या जागी दाखवता आला पाहिजे. कोणत्या खांबांचे काम जुने, कोणते आगीनंतरचे, कुठे अलीकडे जोड दिला, हे लहान खुणांनी सांगता येते. जोड लपवू नये, जवळून पाहणाऱ्याला तो ओळखता यावा, हे संवर्धनशास्त्रातले मान्य तत्त्व आहे. १६ नोव्हेंबरला वाड्यात महापालिकेच्या शाळांतल्या मुलींचा कार्यक्रम व्हावा, हे तर अगदी सहज जमण्यासारखे आहे.

भिडेवाड्याचे काय झाले ते ताजे आहे. जिथे १८४८ ची शाळा भरली, त्या वास्तूचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात राहिला, तोवर ती मोडकळीला आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडावी लागली. तिथे स्मारक होईल, पण ते नव्या बांधकामाचे. फुल्यांच्या सुरुवातीच्या कार्याशी जोडलेली आणि त्या काळापासून उभी असलेली वास्तू आता शोधावी लागते, आणि विश्रामबाग त्यातली एक आहे. या एका कारणासाठीही वाड्याची देखभाल वारसा विभागाच्या फावल्या वेळातले काम राहू नये.

देखभाल म्हणजे दर पंधरा वर्षांनी मोठी निविदा आणि मधल्या काळात कुलूप, ही पद्धत बदलावी लागेल. पावसाळ्याआधी छपरावरून माणूस फिरला पाहिजे, पन्हळी आणि वळचणी मोकळ्या झाल्या पाहिजेत, पावसाळ्यानंतर प्रत्येक खांबाचे बूड तपासून नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. त्यासाठी एक पगारी सुतार आणि एक पगारी गवंडी कायमचे वाड्यावर हवेत, बाहेरचा ठेकेदार नको. आणि सगळ्यात आधी विजेच्या तारा. लाकडी सांगाड्यातून गेलेली प्रत्येक जुनी तार काढून वायरिंग नव्याने, लाकडापासून अलग नळ्यांतून झाले पाहिजे, आणि कागदांचे गठ्ठे वाड्याबाहेर गेले पाहिजेत. १८७९ मध्ये आग लावायला माणूस लागला होता; आज एक सैल जोड पुरेल.